शेवटचे नाव

पुस्तिका हातात आली तेव्हा भिंगने ती लगेच उघडली नाही. आधी कडा चाचपल्या, मग पाठीवरून बोट फिरवले, मग ती नाकाशी नेली. छापखान्याच्या घरात वाढलेल्या माणसाची ही खोड जात नाही. शाई अजून पुरती वाळली नव्हती.

"वास काय घेतेस? उघड की," दादा म्हणाला. हात पाठीमागे बांधून तो टेबलाच्या पलीकडे उभा होता. चेहऱ्यावरचा आनंद लपवायचा प्रयत्न त्याने सोडून दिला होता.

संध्याकाळी संस्थेच्या सभागृहात तिचा निरोप समारंभ होता. आयुष्यभर पेशींचा अभ्यास केलेली त्याची धाकटी बहीण निवृत्त होत होती, आणि तिचे जुने विद्यार्थी कुठून कुठून येऊन शहरात उतरले होते. प्रत्येक खुर्चीवर तिच्या संशोधनाची पुस्तिका ठेवायची असे दादाने ठरवले आणि तिला पत्ता लागू दिला नाही. घर वर आणि छापखाना खाली, तरीही. आई गेल्यापासून ती पुन्हा वरच्या मागच्या खोलीत राहायला आली होती, पण गेले काही दिवस ती जिना उतरली की मशीन थांबायचे आणि दादा विचारायचा, "काही हवंय का?" जणू ती गिऱ्हाईक होती.

मुखपृष्ठावर तिच्याच प्रयोगशाळेतले चित्र होते. जखमेच्या काठावर दाटीने उभ्या राहिलेल्या हिरव्या पेशी, प्रत्येकीच्या पोटात निळे केंद्रक.

"हा निळा कसा साधलास रे?"

"बाबांना विचार. दोनदा प्लेट बदलायला लावली."

"पहिला निळा दवाखान्याच्या भिंतीसारखा होता," खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. डोळ्यांनी अर्धे काम सोडले होते, पण रंगाच्या बाबतीत ते अजून कोणाचे ऐकत नसत.

भिंग हसली. लहानपणी बाबांचे छपाईचे खिळे तपासायचे भिंग ती दिवसभर डोळ्याला लावून फिरे, तेव्हापासूनचे हे नाव. मोठ्या परिषदांतून आलेली माणसे तिला काय काय म्हणत, पण जिना चढून घरात आली की ती भिंगच.

तिने पाने उलटली. मधल्या पानांवर मोठ्या अक्षरांत मथळा होता: संशोधनकार्य. खाली तिचे सगळे शोधनिबंध वर्षांप्रमाणे लावले होते. सुरुवातीचे काही तिने नजरेखालून घातले. मग तिचे बोट थांबले. तिने एक पान मागे उलटले, पुन्हा पुढे आली.

प्रत्येक ओळीत पहिले नाव तिचे होते, ठळक ठशात. आणि त्यापुढे दोनच शब्द: व इतर.

"दादा, ही यादी कुठून घेतलीस?"

"पोरीने, ठिपकीने काढली संगणकावरून. पण जशीच्या तशी नाही हं घेतली. दुरुस्त केली मी."

"दुरुस्त?"

"केली," दादा म्हणाला. "इतक्या ठिकाणी तुझं नाव पार शेवटाला टाकलं होतं त्या लोकांनी. म्हटलं, बाकी कुठे काही का असेना, आपल्या छापखान्यातून निघेल त्यात माझी बहीण पहिली असेल."

बाबांनी मान हलवली. स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत वहिनी उभी होती, तिनेही मान हलवली. या घरात सासऱ्यांचे, नवऱ्याचे आणि तिचे एकाच गोष्टीवर एकमत झाल्याचे प्रसंग फार थोडे.

भिंगला वाटले, आत्ता या क्षणी आपण काही बोललो तर ते तिघे एकदम म्हातारे होतील. तिने पुस्तिका मिटली. पण मिटलेल्या पुस्तिकेतही ती ओळ तिला दिसत होती. तिच्या सगळ्यांत नावाजलेल्या कामाची ओळ, जिच्या सुरुवातीला तिच्या पहिल्या विद्यार्थिनीचे नाव असायला हवे होते. ते शोधले कोणी होते? त्या मुलीनेच. संध्याकाळी ती सभागृहात बसेल, खुर्चीवरची पुस्तिका उचलेल, आणि तिच्या शेजारचे सगळेही उचलतील. मॅडमनी जाता जाता आमची नावे पुसली, असे त्यांना वाटेल.

"दादा," ती हळूच म्हणाली, "आमच्यात शेवटचं नाव कमी मानाचं नसतं. प्रयोग ज्याने केला त्याचं नाव पहिलं. आणि प्रयोगशाळा जिची, तिचं शेवटी. रीतच आहे तशी."

दादाने तिच्याकडे मोठ्या मायेने पाहिले. त्याने एकाही अक्षरावर विश्वास ठेवलेला नाही, हे तिला त्या मायेवरूनच कळले.

*

दादाचा विश्वास बसावा तरी कसा? भिंगचे पहिले निबंध त्याला आठवत होते. दर वेळी ती एक सुटी प्रत बाबांना आणून द्यायची आणि बाबा ती दादाकडे सरकवायचे. आतले त्याला काही कळत नसे. पण छपाई कळे, समास कळे, आणि नावे कळत. तेव्हा ती शिकत होती आणि तिचे नाव पहिले असे. मग तिला नोकरी लागली, स्वतःची खोली, स्वतःचे सूक्ष्मदर्शक; आणि तिचे नाव मागे मागे जात एक दिवस पार टोकाला जाऊन बसले. तिथून ते कधी हललेच नाही.

ढकलली, दादाने तेव्हाच ताडले होते. छापखानेवाल्याची मुलगी. मागे कोणी मोठा माणूस नाही, आणि स्वभाव हा असा. त्याने कॉलेज सोडून मशीनला हात घातला तो ही पोरगी शिकावी म्हणून. त्याबद्दल त्याने कधी चकार शब्द काढला नाही. पण रांगेत तिला शेवटी उभी केलेली पाहणे त्याला सोसत नसे.

"तू शाळेत असताना," तो आता म्हणाला, "नळावर तुझी घागर मागे सरकवायची पोरं. आणि तू घरी येऊन सांगायचीस, मीच मागे उभी होते म्हणून."

"मी खरंच मागे उभी असायचे, दादा. मला वाचायला वेळ मिळायचा."

"बघा!" वहिनी म्हणाली. "वन्सं, तुमच्या पायावर कुणी पाय दिला ना, तरी तुम्ही त्यालाच विचाराल, लागलं का हो म्हणून. त्या संस्थेत काय केलं असेल लोकांनी, मला सांगायला नको."

"वहिनी, तसं नाही..."

"तसंच आहे. ठिपकी झाली तेव्हा मी दवाखान्यात, आणि तुम्ही धापा टाकत आलात नि पाच मिनिटांत परत. का, तर पेशींना खायला घालायचंय! सुट्टी नाही, सणवार नाही, सगळा जन्म त्या बशांवर ओवाळून टाकलात. मग नाव नको का पहिलं?"

पेशींना खरोखरच रविवार कळत नसे; त्यांचे अन्न वेळच्या वेळी बदलावेच लागे. भिंगने पुस्तिका छातीशी धरली आणि म्हणाली, "फार सुंदर झालीय. राहू दे."

ती आपल्या खोलीकडे वळली. वहिनीच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. कौतुक करणारा माणूस वस्तू दुसऱ्याला दाखवतो. वन्संनी ती घट्ट मिटून नेली होती.

*

ठिपकी खाली गठ्ठे बांधत होती. ती जन्मली तेव्हा इतकीशी होती, म्हणून आजोबांनी ठेवलेले हे नाव तिच्या उंचीला आता शोभत नव्हते. पुस्तिकेची मांडणी तिची. यादीही तिनेच काढली होती आणि नावे बदलताना म्हटलेही होते, "पप्पा, आत्याला एकदा विचारू या का?" त्यावर उत्तर मिळाले होते, "विचारलं तर ती करू देईल का?" ते तिला पटले होते. आता आई जिना उतरून आली आणि म्हणाली, "तुझ्या आत्याला पुस्तिका आवडलेली नाही," तेव्हा ठिपकीच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"यादी ना?"

"तुला कसं माहीत?"

"मला वाटलंच होतं गं. इतक्या निबंधांत शेवटी आत्याच कशी? ढकलायचं असतं तर एखाद्या वेळी मधे ढकललं असतं."

वहिनी गठ्ठ्यावर बसली. नवऱ्याची बाजू घेऊन ती वर भांडली होती, त्याला अजून दहा मिनिटेही झाली नव्हती.

"मग बोलली का नाहीस, कार्टे?"

"बोलले! तुम्ही सगळे डोळे पुसत होतात."

तेवढ्यात दारात एक बाई आली. केस पांढरे होऊ लागलेले, खांद्यावर प्रवासाची पिशवी. "मॅडम इथेच राहतात ना? मी त्यांची विद्यार्थिनी. पहिली." हा शेवटचा शब्द तिने जरा लाजत उच्चारला. मॅडमना सभागृहात घेऊन जायला ती मुद्दाम आधी आली होती.

वहिनी आणि ठिपकी एकमेकींकडे पाहत राहिल्या. आणि त्या काही करायच्या आत वरून दादाचा आवाज आला, "अरे, या या! वर या! आधी ही पुस्तिका बघा."

*

स्मरणिका, आमंत्रणे, अहवाल यांत दादाचे आयुष्य गेले होते. छापील कागद हातात पडला की माणूस आधी स्वतःचे नाव शोधतो, हे त्याला पाठ होते. सापडले की खांदे सैल होतात. सापडले नाही की माणूस मजकुराचे कौतुक करतो.

पहिली विद्यार्थिनी मधल्या पानांवर आली. तिची नजर एका ओळीवर गेली, थांबली, खालच्या ओळींवरून झरझर फिरली आणि पुन्हा त्याच ओळीवर आली.

"छपाई फार छान आहे," ती म्हणाली. "कागद सुद्धा."

दादा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुमचं नाव कुठे यायला हवं होतं?" त्याने विचारले.

"नाही नाही, असू द्या."

"मी मुद्रक आहे, बाई. दाखवा."

तिने बोट ठेवले. *व इतर*वर. मागच्या खोलीचे दार उघडून भिंग बाहेर आली होती आणि तिथेच उभी होती. बाबांनी कान टवकारले होते. ठिपकी आणि वहिनी जिन्यात.

"एवढंच सांगा," दादा म्हणाला, "तुमच्यात शेवटचं नाव म्हणजे काय? ती सांगते ते मी धरत नाही. ती स्वतःबद्दल खरं बोलत नाही."

विद्यार्थिनीने एकदा मॅडमकडे पाहिले, मग सरळ दादाकडे.

"जखम भरताना पेशी पुढे सरकतात," ती म्हणाली. "सगळे समजत, काठावरच्या ओढतात आणि मागच्या नुसत्या फरपटत जातात. मला एकदा दिसलं की मागच्या रांगेतल्या पेशी पुढच्यांच्या खालून पाय पसरतायत. म्हणजे त्याही चालतायत. मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, भिंगाचा फोकस हलला असेल, पुन्हा कर. मी पुन्हा केलं. म्हणाल्या, दुसऱ्या जातीच्या पेशी घे. घेतल्या. मी रडले, चिडले, घरी निघून गेले, परत आले. शेवटी त्या स्वतः माझ्या स्टुलावर बसल्या, किती तरी वेळ बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, लिही. पहिलं नाव माझं घातलं."

"आणि तिचं?"

"शेवटी. निबंध आला आणि एका मोठ्या प्रयोगशाळेने उलट लिहिलं, की हे खोटं आहे. मला तेव्हा नुकती नोकरी लागत होती. ते पत्र माझ्याकडे आलं नाही, त्यांच्याकडे आलं. उत्तर त्यांनी दिलं. त्या लोकांना बोलावून आमच्याच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. माझं चुकलं असतं तर बुडाली असती ती त्यांची प्रयोगशाळा. शेवटचं नाव म्हणजे हे. हल्ली पाठ्यपुस्तकांत मागच्या पेशींचं चित्र पाय पसरलेलं काढतात. आणि ह्या यादीतल्या प्रत्येकाची अशी एकेक गोष्ट आहे."

मग बाबांचा आवाज आला.

"पुस्तकात मुद्रकाचं नाव कुठे असतं रे?"

"शेवटी," दादा म्हणाला. "तळाला."

"आणि आपण छापलेल्या त्या निवडणुकीच्या पत्रकावरून पोलीस कुणाकडे आले होते? लिहिणाऱ्याकडे?"

"तो पळून गेला होता, बाबा. तुमच्याकडे आले होते."

"मग? मला काय ढकलून शेवटी टाकलं होतं?"

दादा खुर्चीत बसला. मग त्याने भिंगकडे मान वळवली.

"म्हणजे इतकी वर्षं तू तिथली मालकीण होतीस?"

"मालकीण नाही रे. पण हो."

"आणि मी इतकी वर्षं तुझी कीव करत होतो!"

भिंगला हसू आले आणि त्याच्याबरोबर दुसरेही काही आले. "आणि मला वाटायचं, तुला माझ्या कामाचं काही पडलेलं नाही. एकदाही विचारलं नाहीस."

"जखमेवर मीठ कशाला चोळायचं म्हणून नाही विचारलं."

"जखमच नव्हती, दादा!"

"ते आता सांगतेस होय?" दादा ओरडला. त्या ओरडण्याने घर मोकळे झाले. पण लगेच त्याचा चेहरा पडला. खाली गठ्ठे बांधून तयार होते. त्याच्या हयातीतले सर्वांत देखणे काम, आणि मधोमध चूक. "म्हणजे मी चूक छापली."

"मग पुस्तिका वाटायलाच नको ना," भिंग घाईने म्हणाली. "सगळ्या घरीच ठेवू. त्यांना काय माहीत, पुस्तिका होती की नव्हती."

"छापली तर छापली," वहिनी जिन्यातून म्हणाली. ती आता कोणाच्याच बाजूची राहिली नव्हती. "मधल्या पानांचा फर्माच काढायचा ना? पिना मी उचकटते. तुम्ही मशीन लावता की इथे बसून सुतक पाळता?"

"तो कागद संपलाय. सायीच्या रंगाचा. नुसता पांढरा उरलाय. मधली पानं वेगळी दिसतील."

"दिसू दे," बाबा म्हणाले.

दुसऱ्या रंगाचा कागद पोटात घालून काम बाहेर दिले, म्हणून याच बाबांनी एकदा दादाला गिऱ्हाइकासमोर झापले होते. दादाने बाह्या वर केल्या.

*

खाली कामाला तोंड लागले. वहिनीने बोथट सुरीच्या टोकाने पिना उचकटायला घेतल्या. पहिली विद्यार्थिनी पिशवी ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसली, आणि थोड्याच वेळात वहिनी तिला विचारू लागली, वन्सं तिथे रागावतात का, आणि रागावल्या तर कशा दिसतात. ठिपकीने नावे पुन्हा मूळ जागी लावली, प्रूफ काढले. बाबांना ठिपकी आणि भिंगने धरून खाली आणले होते. ते मशीनच्या बाजूला बसून आवाज ऐकत होते.

दादाने प्रूफ हातात घेतले आणि भिंगकडे मूळ यादी दिली.

"धर."

छापखान्याचा नियम होता. एकाने प्रूफ मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने मूळ मजकूर समोर धरून ऐकायचे आणि दर ओळीला 'बरोबर' म्हणायचे. तो शब्द आला नाही तर पुढची ओळ वाचायची नाही. ही पुस्तिका गुपित म्हणून दादाने एकट्याने वाचली होती.

तो वाचू लागला. पहिल्या ओळीत पहिले नाव तिचेच होते. "बरोबर," भिंग म्हणाली. मग शिकत असतानाचे निबंध आले. "बरोबर. बरोबर."

मग तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेचा पहिला निबंध आला. पिना काढणाऱ्या पहिल्या विद्यार्थिनीने आपले नाव ऐकून मान खाली घातली. दादाने मधली नावे वाचली आणि शेवटी आपलेच आडनाव असलेले, छापखान्याच्या पाटीवर होते तेच आडनाव असलेले, बहिणीचे नाव वाचले.

"बरोबर."

"हा पुढचा कोण?" त्याने मधेच विचारले.

"हा फार घाबरट होता. पेशी मेल्या की जेवायचा नाही. आता त्याच्या हाताखाली मोठी प्रयोगशाळा आहे."

"म्हणजे आता तोही शेवटी असतो?"

"हो."

"वा!" दादा म्हणाला आणि पुढे वाचू लागला. ओळीमागून ओळ. पहिली नावे बदलत होती: कोणी दूर देशी गेलेली, कोणी मधेच सोडून शेती करणारा, कोणी आज सभागृहात भाषण करणार होती. शेवटचे नाव बदलत नव्हते. दर वेळी ते आले की दादाचा आवाज थोडा चढायचा, आणि दर वेळी भिंगचे 'बरोबर' थोडे बारीक व्हायचे. इतके कौतुक एका जागी बसून ऐकायची तिला सवय नव्हती. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. वाटत होते, कागद ठिपकीच्या हातात द्यावा आणि वर जाऊन साडी बदलण्याचे निमित्त करावे.

शेवटची ओळ आली. दादाने नाव वाचले आणि थांबला.

भिंगचे ओठ हलले.

"ऐकू आलं नाही," दादा म्हणाला.

"म्हटलं मी."

"मला ऐकू आलं नाही. बाबा, तुम्हाला आलं?"

"नाही बुवा," बाबा म्हणाले.

मशीन चालू होण्याची वाट पाहत सगळे तिच्याकडे बघत होते. भिंगने कागद डोळ्यांसमोर धरला, प्रयोगशाळेत कोणाच्या तरी स्टुलावर बसून बघायची तशी ती ओळ नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, आणि मान वर केली.

"बरोबर," ती मोठ्याने म्हणाली.